शाळेचा अमृतमहोत्सव: स्थापनेचं नेमकं साल कुठलं धरायचं?

चाफा
मंडळी, मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं काम चालू आहे. इतिहासाच्या पहिल्याच पानावर गाडी अडलीय. प्रवेशद्वारावरच्या कोनशिलेवर एक साल, संस्थेच्या नोंदणीवर दुसरं आणि जुने विद्यार्थी तिसरंच सांगतात. कुठलं धरायचं? शाळेच्या प्रथाही लिहून ठेवायच्या आहेत: दसऱ्याचं पाटीपूजन, परिपाठाचा क्रम, शाळागीत. काही रजिस्टरांना कसर लागलीय, त्यांचं काय करावं?

दप्तरखाना
तिन्ही सालं खरी असू शकतात. संस्था नोंदली जाणं, पहिला वर्ग भरणं आणि इमारत उभी राहणं या वेगवेगळ्या घटना आहेत. माध्यमिक शाळा म्हणून मान्यता मिळणं ही चौथी. महोत्सव पहिला वर्ग भरला तिथून मोजावा, असं माझं ठाम मत आहे. मुलं बसली की शाळा झाली, इमारत नंतर येते. टिळक १९२० च्या १ ऑगस्टला गेले आणि १९२१ मध्ये पार्ल्यात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. तिची शताब्दी त्याच सालापासून मोजली जाते.

जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही) क्रमांक १ काढा आणि पहिल्या पन्नास नोंदींच्या दाखल तारखा कागदावर उतरवून घ्या. बहुतेक तारखा जूनमधल्या एकाच आठवड्यातल्या असतील, तर तोच शाळेचा आरंभ. 'पूर्वीची शाळा' हा रकानाही वाचा. सगळी मुलं एकाच शाळेतून आलेली दिसली, तर तुमची शाळा मुळात कुणाची तरी शाखा किंवा वर्ग होती, आणि इतिहास आणखी मागे जातो.

नोंदणीच्या सालात एक खाच आहे. विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्याआधीच्या संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या असत आणि 'एफ' ने सुरू होणारा न्यास (ट्रस्ट) नोंदणी क्रमांक त्यांना पुढे मिळाला. पुष्कळ स्मरणिकांत न्यास नोंदणीचं हे नंतरचं सालच स्थापना म्हणून छापलं जातं. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट १ चा (न्यासाच्या नोंदीचा) उतारा काढा, पण सोसायटी नोंदणीचं जुनं प्रमाणपत्रही शोधा.

जुने कागद वाचताना: 'इंग्रजी पहिली' म्हणजे आजची पाचवी, 'इंग्रजी सातवी' म्हणजे जुनी अकरावी. दहावीची एसएससी १९७५ पासून. त्याआधीच्या दाखल्यावर 'दहावी पास' म्हणजे शालान्त नव्हे. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनात बहुधा ७९. आणि मुलुंड महापालिकेच्या हद्दीत १९५७ मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या कागदावर पत्ता वेगळा दिसला म्हणून तो बाजूला टाकू नका.

काळी दोन
प्रथांबद्दल. 'दसऱ्याला पाटीपूजन होतं' एवढ्या वाक्याने काही उरत नाही. एकच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर कशी काढतात ते टप्प्याटप्प्याने टिपा: पहिला १ कुठे, किती १, मधली रेघ आधी की शेवटी. प्रत्येक शाळेत, कधी प्रत्येक बाईंच्या हाताखाली, ही सरस्वती थोडी वेगळी असते. पाटीचा फोटो दर टप्प्याला घ्या, पुसट येऊ नये म्हणून दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

शाळागीत जुन्या विद्यार्थ्यांकडून एकेकट्याने गाऊन घ्या, मग समूहात. आधीच समूहात घेतलंत तर ज्याचा आवाज मोठा त्याची चाल खरी ठरते. पेटीवर पट्टी तपासून लिहा, उदाहरणार्थ काळी एक की पांढरी चार. कोणत्या वर्षाच्या तुकडीने कोणती चाल गायली हे शेजारी नोंदवा. चाल बहुधा संगीतशिक्षक बदलले की बदलते.

परिपाठाचा क्रम वर्षांसकट लावा. प्रतिज्ञा शाळांमधून १९६५ पासून म्हणू लागले. त्याआधीच्या आठवणीत कुणी प्रतिज्ञा सांगितली, तर सालात गफलत आहे असं धरा.

शाईपेन
कसरीबद्दल घाईने सांगतो. लॅमिनेशन अजिबात नको, चिकटपट्टीही नको. तिचा गोंद पिवळा पडून अक्षरं खातो. पानं मऊ सपाट ब्रशने बांधणीकडून बाहेर झाडा. फाटलेल्या जागी गव्हाच्या खळीने पातळ जपानी टिश्यू लावतात, पण ते जाणकाराकडूनच. कपाट भिंतीपासून वीतभर लांब, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला तर नकोच.

स्कॅन ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला. काळ्या कागदाच्या अल्बममधले फोटो सोलून काढू नका, पानासकट घ्या. जनरल रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नका. जन्मतारखेच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी लोक आजही त्यावर अवलंबून असतात, आणि हेच दोन रकाने स्मरणिकेत छापू नयेत.

चाफा
मनापासून आभार. रजिस्टर १ पाहिलं. पहिली चार वर्षं एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत आहेत. काही अडचण?

दप्तरखाना
मग ते नंतर नकलून काढलेलं असण्याची शक्यता मोठी. मूळ रजिस्टर फाटलं किंवा भिजलं की नक्कल करत, आणि नकलताना दाखल तारखा अंदाजे पडतात. त्या चार वर्षांची हजेरीपत्रकं आणि फीची पावतीपुस्तकं शोधा. पावतीपुस्तकातली पहिली पावती मिळाली तर तिची तारीख रजिस्टरपेक्षा जास्त भरवशाची, कारण ती त्याच दिवशी फाडलेली असते.