कोल्हापूर स्टेशनवरून अंबाबाई, मग राजारामपुरी: कसं जावं?

रेल्वेनं येतोय. आधी देवळात, मग राजारामपुरीत काम. रिक्षा की केएमटी (शहर बस)?

› भावा, देऊळ दोन-अडीच किलोमीटर. केएमटीनं शिवाजी चौकात उतर, पुढं चालत. महाद्वार रोडला रिक्षा घालूच नको. हातगाड्या, फुलवाले, आडव्या लावलेल्या दुचाक्या. चाक हलत नाही.

› राजारामपुरीचं गणित वेगळं. आखीव रस्ते, गल्ल्यांना नंबर. पत्त्यात 'कितवी गल्ली' नसेल तर रिक्षावाला फिरवत बसणार. शिवाजी पेठेत उलट, तिथं तालमीचं नाव सांगायचं, नंबर कोण विचारतो!

› जोराचा पाऊस असेल तर परीख पूल टाळा. रेल्वेखालचा रस्ता खोलगट, पाणी तुंबतं. गाडी बंद पडली की मागं अख्खी रांग.