ओहायो स्टेडियमवर सामन्याच्या किती आधी पोहोचावे?

घाटमाथा:
कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या आमच्या मुलीने ऑक्टोबरमधील एका शनिवारच्या फुटबॉल सामन्याची तीन तिकिटे काढली आहेत. सामना दुपारी १२ वाजता असूनही ती आम्हाला सकाळी ८ वाजताच घराबाहेर काढणार आहे. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले असून अमेरिकी फुटबॉलचे नियम आम्हाला मुळीच ठाऊक नाहीत. खेळ सुरू होण्यापूर्वीचे चार तास तेथे नेमके काय पाहायचे असते आणि त्यासाठी एवढी पायपीट खरोखरच आवश्यक आहे का, हे तेथे राहिलेल्यांनी कृपया सांगावे.

ओलेंटँजीकाठ:
मुलीचे ऐकावे, असेच मी सुचवेन. मी तेथे शिकत असताना पहिल्या सामन्याला खेळ सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी पोहोचलो आणि जे पाहायला हवे होते, नेमके तेच चुकवले.

सकाळी प्रथम सेंट जॉन अरीनात जावे. सामन्याच्या साधारण दोन तास आधी तेथे विद्यापीठाच्या संचलन-वाद्यवृंदाची ‘स्कल सेशन’ नावाची जाहीर तालीम होते. तिला तिकीट लागत नाही, आणि मैदानाकडे निघालेले खेळाडूही वाटेत तेथे येऊन जातात. (यंदाची वेळ आणि जागा मात्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.) या वृंदात बासरी किंवा क्लॅरिनेट नाही, केवळ पितळी वाद्ये आणि ताल. बंदिस्त सभागृहात तो आवाज अक्षरशः छातीवर आदळतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकाच्या शेजारी उभे राहण्याची सवय असलेल्या मला तेथे पहिल्यांदा घरच्यासारखे वाटले.

त्यानंतर लगेच स्टेडियममधील आपली जागा गाठावी. उत्तरेकडील उतारावरून वाद्यवृंद मैदानात उतरतो, तो क्षण चुकवू नये. आधी ताल ऐकू येतो, मग मिनिटाला सुमारे १८० पावलांच्या गतीने रांगांमागून रांगा बाहेर पडतात, आणि शेवटी वृंदाचा पुढारी (ड्रम मेजर) धावत मध्यभागी येऊन, पाठ मागे वाकवत, टोपीवरचा तुरा जमिनीला टेकवतो. तुरा टेकताच एक लाखाहून अधिक माणसे जो गजर करतात, त्याचे वर्णन मला जमणार नाही.

‘स्क्रिप्ट ओहायो’ बहुधा याच वेळी होते, कधी मध्यंतरात. वादक एकामागून एक चालत ‘ओहायो’ हा इंग्रजी शब्द वळणदार अक्षरांत मैदानावर लिहितात, आणि ‘आय’ या अक्षरावरचे टिंब होण्याचा मान एका ज्येष्ठ सूझाफोनवादकाला मिळतो. तो भलेमोठे वाद्य अंगाभोवती घेऊन ऐटीत आपल्या जागी जातो आणि दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना कमरेत वाकून अभिवादन करतो. ‘स्क्रिप्ट ओहायो’ची प्रथा १९३६ पासूनची आहे. वृंदाबाहेरच्या अगदी मोजक्या व्यक्तींना टिंब होण्याचा मान मिळाला. त्यांत १९८३ मध्ये माजी प्रशिक्षक वुडी हेज आणि २००९ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन होते.

डबेवाली:
वरील प्रतिसादात खाण्याचा उल्लेखच नाही, म्हणून लिहिते. लेन ॲव्हेन्यूच्या परिसरात आणि वाहनतळांवर लोक सकाळपासून गाडीच्या डिकीशी शेगड्या मांडून बसतात. यालाच टेलगेटिंग म्हणतात. बहुतेक पदार्थ मांसाहारी असतात आणि बिअरही भरपूर असते, पण ओहायो स्टेटच्या किरमिजी रंगाचा सदरा दिसला की अनोळखी माणसेही बोलावून खाऊ घालतात. शाकाहारी असाल तर ‘बकाय’ नावाची मिठाई अवश्य घ्या. शेंगदाण्याच्या लोण्याची गोळी चॉकलेटमध्ये अर्धवट बुडवून ती राज्यवृक्षाच्या बीसारखी दिसेल अशी केलेली असते. खरी बी मात्र विषारी असते. कोणी हातात दिली तर खिशात ठेवावी! सकाळी गारठा असतो, तेव्हा अंगावर एकावर एक कपडे घालावेत. मोठी पिशवी प्रवेशद्वारावर अडवतात. कोणी ‘ओ-एच’ असे ओरडले, तर ‘आय-ओ’ असे उत्तर द्यावे. एवढे आले की नियम न आल्याचे कोणी मनावर घेत नाही.

ॲन आर्बरचा पाहुणा:
मी ओहायो स्टेटच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, म्हणजे मिशिगन विद्यापीठाचा, माजी विद्यार्थी असल्याने माझा प्रतिसाद पक्षपाती समजावा. मैदानावर वळणदार अक्षरांत ‘ओहायो’ प्रथम लिहिले ते आमच्या वाद्यवृंदाने, १९३२ मध्ये, आणि तेही त्यांच्याच स्टेडियमवर. १९२२ मध्ये त्या स्टेडियमचे औपचारिक उद्घाटन झाले, तेव्हाचा सामनाही आम्हीच १९-० असा जिंकला होता. तरीही उतारावरून होणारा तो प्रवेश आमच्याकडे नाही, हे मान्य करतो. आपला सामना नोव्हेंबरअखेरचा असता तर आणखी एक गंमत दिसली असती: आमच्याशी सामना असतो त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील पाट्यांवरचे प्रत्येक ‘एम’ अक्षर लाल फुलीने झाकलेले असते.

घाटमाथा:
सर्वांचे आभार. ८ वाजता निघण्याचे ठरले. यजमानांनी मिठाईबद्दलचा भाग दोनदा वाचून दाखवायला लावला. एकच शंका उरली आहे: मुलीने आणलेल्या दोन सदऱ्यांपैकी एक निळा आहे, तो घातला तर चालेल का?

ॲन आर्बरचा पाहुणा:
मला आनंदच होईल, पण तो रंग आमचा आहे. किरमिजीच घालावा.