हंगाम संपताच बेसबॉलचे व्यवस्थापक का बदलतात?

टिळकवाडी, बेळगाव:
लेले मैदानावर क्रिकेट पाहत वाढल्यामुळे मैदानातली सूत्रे कर्णधाराकडे असतात, हेच मनात पक्के बसले आहे. म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये शिकागो कब्ज या अमेरिकी बेसबॉल संघाने करार शिल्लक असलेले व्यवस्थापक डेव्हिड रॉस यांना दूर करून मिलवॉकी संघाचे व्यवस्थापक क्रेग काउन्सेल यांना पाच वर्षांसाठी ४ कोटी डॉलरहून अधिक मोबदल्यावर का नेमले, याचा उलगडा होत नाही. असा निर्णय कोण घेतो?

निपाणी:
बेसबॉलमध्ये गोलंदाज, म्हणजे पिचर, केव्हा बदलायचा हे व्यवस्थापक ठरवतो. खेळाडूंचे करार, अदलाबदल आणि खुद्द व्यवस्थापकाची नेमणूक मात्र संघाच्या बेसबॉल विभागाच्या अध्यक्षाकडे असते. कब्जमध्ये ते जेड हॉयर. रॉस यांच्याबाबत मला वाईट वाटते, कारण २०२३ मध्ये त्यांनी ८३ सामने जिंकून दिले होते आणि पुढच्या वर्षी काउन्सेल यांनाही तेवढेच जिंकता आले.

खानापूर:
अध्यक्ष बदलला की व्यवस्थापकाचे आसनही डळमळते. सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये सप्टेंबर २०२४ अखेर फरहान झैदी यांच्या जागी माजी यष्टिरक्षक, अर्थात कॅचर, बस्टर पोझी आले. त्यांनी जुलै २०२५ मध्ये बॉब मेल्विन यांचा २०२६ चा करार पक्का केला, तरी हंगाम संपताच त्यांना दूर केले आणि व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रशिक्षणाचा अनुभव नसलेले टेनेसी विद्यापीठाचे टोनी व्हिटेलो यांना आणले. मला हे धाडस पटते.

टिळकवाडी, बेळगाव:
आभारी आहे. मिलवॉकीने मग कोणाला नेमले?

निपाणी:
काउन्सेल यांचेच सहायक पॅट मर्फी यांना. २०२४ मध्ये ते नॅशनल लीगचे, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एकीचे, सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले.