‘सिस्ट’ला गाठ म्हणायचं का?

अमळनेरकर: भाचीचा चार वर्षांचा मुलगा खाटेवरून पडला, म्हणून धुळ्यात सीटी स्कॅन काढला. मार काही नव्हता, पण रिपोर्टात ‘अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट’ निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘डोक्यात गाठ आहे, पण घाबरण्यासारखी नाही.’ ‘पण’च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत गावभर, ‘पोर्‍याना डोकामा गाठ शे.’ सिस्टला दुसरा शब्द नाही का?

चोपड्याची ताई: भाऊ, मी बालरोग विभागात नर्स आहे. ‘गाठ’ इथे नकोच. आपल्याकडची गाठ म्हणजे जिनिंगमधली, १७० किलो रुई दाबून बांधलेली. घट्ट, भरीव. ही सिस्ट म्हणजे मेंदूभोवती असतं तेच पाणी, पातळ पडद्यात साठलेलं. बहुतेक वेळा जन्मापासूनच असते, कॅन्सर नव्हे. मी ‘पाण्याची पिशवी’ म्हणायचे. एका आजीने विचारलं, ‘पिशवी? पण हा तर मुलगा आहे!’ तेव्हापासून जपून बोलते.

जळगावचे मास्तर: पारिभाषिक शब्द ‘पुटी’. संस्कृत ‘पुट’ म्हणजे द्रोणासारखी पोकळी. वाण्याकडची पुडी त्याच घरातली. ‘सिस्ट’चं ग्रीक मूळही थैलीच. अ‍ॅरॅक्नॉइड म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखं, म्हणून मेंदूवरच्या त्या आवरणाला ‘जालतानिका’. तेव्हा जालतानिका-पुटी. उच्चारताना दात सांभाळावे लागतात, हे मान्य. ‘अर्बुद’ मात्र नको, तो ट्यूमरचा शब्द.

चोपड्याची ताई: मास्तर, नुसतं ‘पुटी’ म्हटलं तरी घोळ होतो. पट्टकृमी नावाच्या जंताच्या अळीचीही मेंदूत सिस्ट होते, तिला गोळ्या असतात. ही गोळ्यांनी जात नाही. त्रास नसेल तर बहुधा हातही लावत नाहीत, ठरावीक काळाने एमआरआय काढून बघतात. डोक्याचा घेर भराभर वाढला, उलट्या थांबेनात, फिट आली, तर मात्र थांबायचं नाही. मग गरजेप्रमाणे दुर्बिणीने पडद्याला भोक पाडून पाण्याला वाट देतात, नाहीतर नळी घालून ते पोटात सोडतात. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसेल तर तिथूनच सोनोग्राफी करता येते.

अमळनेरकर: आक्काला ‘पाण्याची पुडी’ म्हणून सांगितलं. ‘पुडीमा पानीच शे ना?’ असं तिने तीनदा विचारलं, मग कुठे जेवली. भाचीने पुढच्या एमआरआयची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.