ऊसतोड मजुराचा मालक कोण? अभ्यासकांनी हा प्रश्न टाळू नये

कृष्णाकाठ, सांगली (धागाकर्ता)

ऊसतोडीवरचे बरेचसे अभ्यास एकतर मजूर जिथून येतात त्या बीडकडच्या गावांत होतात, नाहीतर इकडे कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, प्रश्नावल्या भरून घेऊन होतात. उचल (हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम), स्थलांतर, मुलांची सुटलेली शाळा हे सारे त्यांत येते आणि ते यायलाच हवे. परंतु श्रमसंबंधांच्या अभ्यासातला पहिला प्रश्न, म्हणजे मालक कोण, तेवढा बाजूला राहतो. आमच्या भागात कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा करार असतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार उचल देतो मुकादमाला आणि मुकादम ती कोयत्यांना, म्हणजे तोडणी मजुरांना, वाटतो. या करारात मजूर पक्षकार नसतो. तरीही आज कोणाचा फड तोडायचा हे कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमावर ठरते, वजन त्याच्याच काट्यावर होते आणि दर कारखान्यांचा साखर संघ व मजूर संघटना यांच्या वाटाघाटींत ठरतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली ती तिथेच. काम, माप आणि मोबदला या तिन्हींवर ज्याचा ताबा आहे त्याला मालक म्हणायचे नाही, तर मग कोणाला म्हणायचे? डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात गुजरातेतल्या बारडोली परिसरात, खानदेशातून तिथे जाणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास करताना सहकारी कारखान्यालाच केंद्रस्थानी ठेवले होते. आपल्याकडचे अभ्यास मुकादमापाशी येऊन का थांबतात?

वाहतूकदार, वाळवा तालुका

ही मांडणी मला मान्य नाही. मी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, पावसाळ्यातच मुकादमाला उचल दिली, नोटरीपुढे करार केला. हंगामाच्या तोंडावर मुकादमाचा फोन बंद झाला आणि टोळी दुसऱ्याच कारखान्याच्या हद्दीत असल्याचे कळले. पोलिसांत तक्रार दिली, पैसे आले नाहीत. हप्ते मात्र मीच भरतो आहे. माझ्यासारखे वाहनमालक सांगली, कोल्हापूर, साताऱ्यात गावोगावी आहेत. शिवाय शेतकऱ्याकडून ठरलेल्या दरावर खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागितली जाते; दिली नाही तर तोड लांबते आणि उसाचे वजन घटते. अशा परिस्थितीत मजुराला सरसकट वेठबिगार ठरवणारा अभ्यास अर्धेच चित्र दाखवतो. अभ्यासकांनी एकदा आमच्याही दारात यावे.

संशोधक विद्यार्थिनी, कराड

दादा, आपले नुकसान खरे आहे आणि त्याची नोंद अभ्यासात व्हायला हवी, यात दुमत नाही. परंतु पळून गेलेला मुकादम आणि फडात राबणारा मजूर यांना आपण एकाच माळेत ओवता आहात, हे मला पटत नाही. खुशालीतला वाटा कोयत्यापर्यंत किती पोचतो, हेही तपासावे लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर घेतलेले काम हे सक्तीचे श्रमच होत, असे म्हटले. 1984 च्या बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात आणखी पुढे जाऊन, सक्तीचे श्रम दिसले की ते उचलीपोटी आहेत असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे मालकाने दाखवावे, असा दंडक घालून दिला. त्यामुळे मजुराने उचल घेताना घासाघीस केली, एवढ्यावरून तो स्वतंत्र ठरत नाही. उचल घेताना चार मुकादमांतून एक निवडणारा मजूर जानेवारीत आजारी पडला तर घरी जाऊ शकतो का, हे विचारले पाहिजे.

आणि कोयता म्हणजे कोण? नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको वाढे (उसाचे शेंडे) सवळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मी पाहिलेल्या हिशेबाच्या वहीत उचल आणि टन दोन्ही नवऱ्याच्या नावावर होते. मालक शोधण्याआधी मजूर कोण हे तरी पुरते लिहिले जावे. पगारच स्वतःच्या नावाने नसेल, तर ‘तुम्हाला रोज किती मिळतात’ या प्रश्नाला त्या बाईने काय उत्तर द्यावे?

मार्केट यार्ड, सातारा

माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. मालक कोण याच्या शोधात अडकण्याचे कारणच नाही. हमालाचा तरी एक मालक कुठे असतो? सकाळी एका अडत्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. तरीही 1969 चा माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची जादा आकारणी) भरायची मंडळात, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस. त्या लढ्याचे नेते अण्णासाहेब पाटील आमच्या पाटण तालुक्यातले. ऊसतोडीला हीच रचना लावता येते.

कृष्णाकाठ, सांगली

माथाडी मंडळ चालले, कारण लेव्ही कोणी भरायची हे कायद्याने ठरवले. तेव्हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो. वाहतूकदार बंधूंचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. उचल बुडण्याची जोखीम कारखान्याने करार करून त्यांच्या अंगावर ढकलली, म्हणूनच ती त्यांच्या सातबाऱ्यावर बोजा होऊन बसते. अभ्यासाची सुरुवात कोप्यांवरून नव्हे, या करारपत्रांवरून व्हावी.

वाहतूकदार, वाळवा तालुका

करारपत्राची प्रत दाखवायला मी तयार आहे. मात्र अभ्यासात आमच्या बुडीत रकमेचे प्रकरण असावे आणि बीडला जाऊन त्या मुकादमालाही प्रश्न विचारले जावेत. मजुराचा मालक मी आहे, हे मला अजूनही मान्य नाही. कारखाना आहे, हे कागदावर सिद्ध होणार असेल तर वाचायला आवडेल.