लाईट बिल कमी करणारं गिअरबॉक्सचं अ‍ॅडिटिव्ह कुणी वापरलंय का?

कुपवाडकर: मंडळी, कुपवाड एमआयडीसीत हळद दळायचं छोटं युनिट हाय. पल्वरायझरला (दळायच्या मशीनला) ३० एचपी मोटर, माल वर चढवायच्या एलिवेटरला आणि पुढं ढकलायच्या स्क्रू कन्व्हेअरला २-२ एचपी, वर्म गिअरबॉक्सवर (मळसूत्री दांडा दातेरी चाक फिरवून स्पीड कमी करतो तो). ऑइलवाला म्हणतोय ऑइलात मिसळायचं सिंथेटिक अ‍ॅडिटिव्ह टाका, बिल १५ टक्के कमी. बजेट ३ हजार, वर रुपया नाही. कुठलं घेऊ?

बुलेटवाला मिरज: नको रे बाबा! मेकॅनिकनं असलीच बाटली ओतली आणि माझ्या गाडीचा क्लच घसरायला लागला. क्लच प्लेटी ऑइलातच असतात, घसरण वाढवायचं औषध तिथंबी काम करतंय की. आता जासो एमए (ऑइलातल्या क्लचला चालणारं) लिहिलेलं ऑइल, बाकी कायबी नाही.

अजिंक्यतारा: गाडीचा इथं काय संबंध? वर्मचं चाक ब्राँझचं असतं, सल्फरवालं ईपी (जास्त दाबासाठीचं) अ‍ॅडिटिव्ह गरम झालं की ब्राँझ खातं. घालायचंच तर सरळ पीएजी (ग्लायकॉल जातीचं) सिंथेटिक ऑइल घाला, ग्रेड (ऑइलाची जाडी) बॉक्सच्या प्लेटवर असेल तोच. पण जुनं सगळं काढून फ्लश मारून, पीएजी मिनरल ऑइलात मिसळत नाही, आणि सील चालतील का तेबी विचारा. आमच्या साताऱ्यातल्या युनिटला बॉक्सवर हात ठेववत नव्हता, आता गार चालतोय.

बुलेटवाला मिरज: मग मी तेच म्हटलं ना, अ‍ॅडिटिव्ह नको.

तासगावचा दादा: ३ हजारात काय होतंय, आयई३ (कमी वीज खाणारी) मोटर घे. मी घेतली, दोन्ही शेडला.

कुपवाडकर: दादा, बजेट वाचलं का?

वायरमन: अरे हिशोब तर करा. गिअरबॉक्स २ एचपीच्या मोटरींना, २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट, १० टक्के वाचले तरी दीडशे वॅट. पल्वरायझरची ३० एचपी म्हणजे २२ किलोवॅट, बिल तिथं जातंय. व्ही-बेल्ट सैल हायत का, पुली एका लाइनीत हायत का, हॅमर झिजलेत का, चाळण चोंदलीय का बघ आणि आधी-नंतर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) लावून अँपिअर लिहून ठेव. यात ३ हजार लागतबी नाहीत.

हळदकुंकू: गिअरबॉक्स हळदीच्या वर हाय का? सील गळालं तर? फूड ग्रेड एच१ (चुकून खाण्याच्या मालात थोडं ठिबकलं तरी चालणारं) ऑइल घाला. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि आपण त्यात काय ठिबकतंय ते बघत नाही.

तासगावचा दादा: सांगलीची कुठली, बरीच हळद हिंगोलीकडून येते.

हळदकुंकू: तुमच्या मोटरी पण तिकडूनच आल्या का?

कुपवाडकर: सगळ्यांचे आभार. बेल्ट पोराला बघायला सांगितलेत. बाटली मात्र घेतली, उधारीवर मिळाली. फरक नाही पडला तर परत घेतो म्हणालाय.

वायरमन: ओतलेली बाटली परत घेणार?