शब्दचर्चा : 'बेचिराख' गावात राख असते की दिवा नसतो?

भाषांतरी :

फ्रान्समधल्या एका लहानशा गावाच्या माहितीचं मराठी करतो आहे आणि तीन शब्दांपाशी अडलो आहे. गाव म्यूझ जिल्ह्यात, व्हर्दूनजवळ. नाव फ्लरी-दव्हाँ-दुओमों, म्हणजे 'दुओमोंपुढचं फ्लरी'. एकाच नावाची गावं ओळखता यावीत म्हणून आपण खुर्द, बुद्रुक, दुमाला लावतो, तसलाच प्रकार. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथे ४२२ माणसं राहत होती, बहुतेक शेतकरी आणि लाकूडतोडे. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हर्दूनवर जर्मन तोफा सुरू झाल्या आणि गाव रिकामं करावं लागलं. पुढे जून ते ऑगस्टमध्ये ते सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं. १८ ऑगस्टला फ्रेंचांनी ते कायमचं परत घेतलं, पण तोवर परत घेण्याजोगी एक भिंतही उरली नव्हती.

गाव पुन्हा वसवलं नाही. तरी सरकारदरबारी ते आजही आहे. कम्यून (फ्रान्समधलं स्थानिक कारभाराचं एकक) हा दर्जा कायम, नकाशात हद्द कायम, महापौराच्या जागी बसणारा माणूसही आहे. लोकसंख्या मात्र शून्य.

आता शब्द. 'व्हिलाज देत्रुई' याला 'उद्ध्वस्त गाव' लिहिलं, पण वाचताना किल्लारी आठवतं, आणि किल्लारीची माणसं पुढे नव्या गावठाणात राहायला गेली. इथे तसं झालं नाही. दुसरा शब्द 'कम्यून'. तिसरा 'मॉर पूर ला फ्रान्स', शब्दशः 'फ्रान्ससाठी मेलेला'. हे बिरुद चक्क गावाला दिलेलं आहे. सुचवा.

खडीसाखर :

पहिल्याला 'बेचिराख' सोडून दुसरा शब्दच नाही. तोफांनी राख केली, झालं बेचिराख. इतक्या सोप्या गोष्टीवर धागा?

चावडीकर :

साखरताई, त्या शब्दात राख नाहीच. तो फारसी आहे. बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. आपण गचा ख केला. जुन्या घरांत 'चिराखदान' असायचं, त्यातला चिराख तोच. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराख.

महसुलात उमेदवारीला लागलो तेव्हा एका जुन्या यादीत एका मौजेपुढे 'बेचिराख' वाचलं. मलाही वाटलं, मोठी आग लागली असणार. आमच्या भाऊसाहेबांना विचारलं तर ते हसले. आगबिग काही नाही, विहिरीचं पाणी आटलं आणि लोक शेजारच्या गावी जाऊन राहिले. शेतं कसतात, सारा भरतात, फक्त तिथे राहत नाहीत. हद्द आहे, नकाशा आहे, सर्व्हे नंबर आहेत. चूल तेवढी नाही.

तुमच्या फ्लरीची हकिगत वाचली आणि तीच यादी डोळ्यांपुढे आली. कागदावर गाव आहे, जागेवर माणूस नाही. याला आमच्या दप्तरात तयार शब्द आहे आणि तो हाच.

खडीसाखर :

व्युत्पत्ती मान्य. पण काका, आज 'शहर बेचिराख झालं' वाचल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे विझलेला दिवा येतो? सगळ्यांना राखच दिसते. शब्दाचा अर्थ वापरणाऱ्यांच्या हातात असतो, फारसीच्या नाही.

चावडीकर :

म्हणून तर म्हणतो, फ्लरीला घ्याच. तिथे तुमची राखही आहे आणि माझा दिवाही गेलेला आहे. दोघांचंही समाधान व्हावं अशी गावं फार नसतील.

वऱ्हाडी ठेचा :

आमच्याकडे असल्या गावाले 'रीठ' म्हणतात. कागदपत्रात गावाच्या नावापुढं 'रीठ' लिहिलं की समजून घ्या, तिथं वस्ती नाही. पोरं विचारतात, 'तुमचं वावर कुठं?' 'अमक्या रिठावर.' बाकी कुणी राहत नाही, पण नाव काही मरत नाही गावाचं.

भाषांतरी :

रीठ माहीत नव्हता, आवडला. पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला केस धुण्याचा रिठा आठवेल. 'ओसाड' कसा वाटतो?

नान्सीतला :

'ओसाड' नको. मी फ्लरीपासून तासा-दीड तासावर, नान्सी शहरात राहतो आणि दोनदा तिथे जाऊन आलो आहे. ओसाड म्हटलं की पडक्या भिंती, निवडुंग, घोंघावणारा वारा असं काहीतरी मनात येतं. फ्लरीत एकही पडकी भिंत नाही. जमीन नुसती वर-खाली, उकळत्या आमटीचा पृष्ठभाग गोठावा तशी. खड्ड्याला लागून खड्डा, त्या सगळ्यांवर हिरवंगार गवत आणि वर झाडं. रस्ते होते तिथे पायवाटा राखल्या आहेत. वाटेच्या कडेला छोटे खांब आहेत आणि त्यांवर त्या जागी काय होतं ते लिहिलेलं आहे : शाळा, लोहार, शेतकऱ्याचं घर, कपडे धुण्याची जागा. चर्चच्या जागी छोटं प्रार्थनामंदिर आहे. स्टेशनच्या जागी १९६७ सालापासून व्हर्दूनच्या लढाईचं स्मारक-संग्रहालय आहे. जागेची इतकी निगा राखलेली आहे की ओसाड म्हणायला जीभ वळत नाही.

आणि नावाची एक गंमत. फ्रेंच माणसालाही 'फ्लरी' ऐकून 'फुललेलं' वाटतं, कारण तसाच उच्चार असलेला शब्द त्यांच्याकडे आहे. खरं तर फ्लरी नावाची गावं रोमन काळातल्या 'फ्लोरियाकुम'वरून आलेली, म्हणजे फ्लोरुस नावाच्या कुणाचा तरी जमीनजुमला. फुलांचा थेट संबंध नाही. साखरताईंना बेचिराखात राख दिसते तसंच हे.

खडीसाखर :

घ्या, आता सातासमुद्रापार माझं उदाहरण देताहेत.

चावडीकर :

नान्सीकर, शेतांचं काय झालं? आमच्या बेचिराख मौजात पांढरी गेली तरी काळी राहते. (नव्या मंडळींसाठी : पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसायची जमीन.)

नान्सीतला :

काका, इथे काळीही गेली. न फुटलेले तोफगोळे, विषारी वायूचे गोळे, हाडं, लोखंड. नांगर घालण्याची सोय राहिली नाही. युद्धानंतर सरकारने या पट्ट्याला 'झोन रूज', म्हणजे लाल टापू, ठरवून जमिनी ताब्यात घेतल्या आणि जंगल लावलं. आज दिसतं ते जंगल बहुतेक १९२०च्या दशकानंतरचं. गोळे अजून निघतात.

असं एकटं फ्लरीच नाही. व्हर्दूनच्या लढाईत अशी नऊ गावं गेली. त्यांतल्या सहांत आजही कुणी राहत नाही : फ्लरी, बोमों, बझोंव्हो, क्युमिएर, ओमों आणि लूव्हमों. दुओमों, व्हो आणि ऑर्न इथे थोडी वस्ती परतली. दुओमों आणि व्हो तर २०१९ साली मिळून एकच कम्यून झाले.

भाषांतरी :

मग पहिल्या शब्दाला 'बेचिराख' पक्का. आता कम्यून. 'ग्रामपंचायत' चालेल?

नान्सीतला :

नाही चालणार. मार्सेयसारखं मोठं शहरही कम्यूनच आहे. राज्यक्रांतीच्या वर्षी, १७८९ मध्ये, सगळ्या गावांना आणि शहरांना हा एकच साचा दिला. आज सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कुठे लाखोंची वस्ती, कुठे शंभर डोकी, पण कायद्याने दर्जा एक आणि प्रमुखाचं पदनामही एकच.

खडीसाखर :

आणि पुणेकराला कम्यून म्हटलं की मरून रंगाची कफनी घालून कोरेगाव पार्कात फिरणारे ओशोंचे लोक आठवतात, तेही लक्षात घ्या. मी म्हणते सरळ 'गाव' लिहा. प्रत्येक सरकारी शब्दाला सरकारी शब्द कशाला?

भाषांतरी :

नुसतं 'गाव' लिहिलं तर मुद्दाच हरवतो ना. वस्ती या अर्थाचं गाव १९१६ मध्येच संपलं. मागे राहिलं ते कम्यून. त्याच्या प्रमुखाला तरी काय म्हणू? महापौर म्हटलं की महानगरपालिका आली, सरपंच म्हटलं की निवडणूक आली.

नान्सीतला :

निवडणूक नाहीच, मतदारच नाहीत. १९१९ च्या कायद्याने या गावांसाठी तीन जणांचं मंडळ ठरलं आणि ते जिल्ह्याचा प्रीफेक्ट (आपल्या कलेक्टरसारखा सरकारी अधिकारी) नेमतो. मंडळाच्या अध्यक्षाला महापौराचे अधिकार असतात, समारंभाला तो तिरंगी पट्टाही घालतो. गावाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, स्मारक, पायवाटा हे सगळं त्याच्याकडे.

चावडीकर :

नेमणुकीने आला म्हणजे आमच्या भाषेत 'प्रशासक'. पंचायतीची मुदत संपली आणि निवडणूक लांबली की बसतो तो.

वऱ्हाडी ठेचा :

प्रशासक कायले? ही तर खरीखुरी ओसाड गावची पाटीलकी झाली ना भाऊ!

नान्सीतला :

हसलो, पण तिथे जाऊन आल्यावर ही म्हण टोचते. आपल्याकडे ओसाड गावची पाटीलकी म्हणजे पोकळ मान. इथे उलट आहे. वर्षातून एकदा गेलेल्यांचे वंशज जमतात, तेव्हा त्यांना 'हे आपलं गाव' म्हणायला समोर कुणीतरी उभं असावं, एवढ्यासाठी ही पाटीलकी चालू ठेवली आहे.

वऱ्हाडी ठेचा :

मंग मागे घेतो. अध्यक्षच लिहा.

भाषांतरी :

'नियुक्त अध्यक्ष' लिहितो, आणि कम्यून तसाच ठेवून पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात उलगडतो. तिसरा शब्द राहिला. 'हुतात्मा गाव'?

चावडीकर :

हुतात्म्याने स्वतःहून आहुती दिलेली असते. गावाला कुणी विचारलं होतं? 'शहीद'चीही तीच अडचण.

नान्सीतला :

मूळ शब्द कायद्यातला आहे. जुलै १९१५ च्या कायद्याने युद्धात गेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या नोंदीत हे तीन-चार शब्द घालायला सुरुवात झाली. म्हणजे मूळात तो दप्तरातला शेरा, भाषणातला अलंकार नव्हे. नंतर तोच मान या गावांना दिला. मराठीतही शेऱ्यासारखा कोरडा शब्द हवा.

चावडीकर :

मग 'कामी आलेलं'. जुन्या कागदांत लढाईनंतरचा हिशेब असाच असतो : इतकी माणसं कामास आली, इतकी घोडी कामास आली. त्यात रडणं नाही, गौरवही नाही, पण कुणाच्या तरी चाकरीत गेली हे कळतं. शिवाय घोड्यालाही कुणी विचारलेलं नसतं.

खडीसाखर :

काका, या वेळी बिनशर्त मान्य. 'फ्रान्सच्या कामी आलेलं गाव.'

भाषांतरी :

सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद असा केला आहे :

'फ्लरी-दव्हाँ-दुओमों हे फ्रान्सच्या कामी आलेलं गाव. १९१६ पासून ते बेचिराख आहे. इथे एकही दिवा लागत नाही.'

नान्सीतला :

शेवटचं वाक्य तपासा. जवळच दुओमोंचं अस्थिगृह आहे, १९३२ साली उघडलेलं. ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० फ्रेंच आणि जर्मन सैनिकांची हाडं तिथे एकत्र ठेवली आहेत. त्याच्या ४६ मीटर उंच मनोऱ्यावर फिरता दिवा आहे, लाल आणि पांढरा. नावच 'मृतांचा कंदील'. तो लागतो तेव्हा त्याचा झोत रणभूमीवर फिरतो.

चावडीकर :

तो धरला तर माझं बेचिराख बाद होतं.

भाषांतरी :

होत नाही. 'घरचा' हा एक शब्द वाढवला : 'इथे घरचा एकही दिवा लागत नाही.'

चावडीकर :

राहू द्या. खांबांवरच्या शब्दांना मात्र 'होता', 'होती' लावू नका. नुसतं 'शाळा'. नुसतं 'लोहार'.